ओट्यापाशी घोकलेला तास

माझी लेक सुमन विद्यापीठात वनस्पतीशास्त्र शिकवते, तेही इंग्रजीतून. रोज सकाळी ओट्यापाशी उभी राहून ती आपला तास घोकते. एरवी तिला हातवारे केल्याशिवाय साधं भांडता येत नाही. घोकताना मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधलेले असतात.

"पोरं हसतात का गं तुझ्या तासाला?" आज मी विचारलं.

"पाठ करून विनोद होत नाही, आई."

मी चौथी शिकलेली. पण मेथीच्या काडीतून पाणी वर कसं चढतं, ते तिनं मला एकदा आपल्या भाषेत, हसतखेळत सांगावं असं फार वाटतं. तसं म्हटलंही.

"रविवारी सांगते," म्हणत ती जिना उतरली.

रविवारी ती आठवडाभराचे तास घोकते.