तूप लागलेल्या ऑक्सिजनच्या बाटलीबाबत

अर्जदार : मी स्वतः, वय पन्नाशीच्या आसपास, धंदा अर्जनवीस, बैठक तहसील कचेरीसमोरील कडुनिंबाखाली.
गैरअर्जदार : माझी सख्खी थोरली बहीण, राहणार बोरगाव मेघे.
साक्षीदार : एक, तिचे यजमान म्हणजेच माझे भाऊजी, ज्यांचे जाम चौकात ट्रक दुरुस्तीचे दुकान आहे. दोन, शेजारच्या काकू, ज्या कुंपणाच्या भिंतीवरून सर्व पाहत होत्या.
घटनास्थळ : बहिणीच्या घरामागील टिनाचे शेड.
दिनांक : गेल्या उन्हाळ्यातील एक रविवार.
विषय : विमानात बसण्यास होकार देणे अथवा न देणे.

उपरोक्त विषयाची सविस्तर हकिकत अशी की, भाऊजींनी सदर शेडमध्ये स्वतःच्या हातांनी दोन आसनांचे विमान बांधले आहे. सरकारी तपासणी अद्याप बाकी आहे. परंतु पंख, पंखा, चाके, सर्व काही आहे. ते प्रथम पाहिले तेव्हा मी त्याला दोनदा प्रदक्षिणा घातली.

विमान पास झाले की बहिणीला शेजारी बसवून ढगांच्या वर न्यायचे, जिथे आपल्याकडील मे महिन्यातही स्वेटर लागते, एवढी एकच भाऊजींची इच्छा. मात्र तितक्या उंचीवर हवा विरळ असल्याने ऑक्सिजन घ्यावा लागतो. भाऊजींनी त्यासाठी आधी मांडीवर धरायची सुटी बाटली आणली. ती पाहताच बहिणीने पाठ फिरवली. कारण रास्त होते. कोरोनाच्या काळात ती दवाखान्यात असल्याच बाटलीच्या शेजारी पडून होती.

"पेशंटवानी ते नळकांडं मांडीवर घेऊन मी नाई बसत," ती म्हणाली. "तुम्ही जाजा एकटे. वरून हात हालवजा, मी अंगणातून पाहीन."

तेव्हा भाऊजींनी ठरवले की बाटली तिच्या दृष्टीसच पडता कामा नये. ती आसनांच्या मागे पट्ट्यांनी आवळून बसवायची, तिची बारीक नळी विमानाच्या भिंतीच्या आतून पुढे आणायची, आणि समोर फक्त दोन छोटी तोंडे ठेवायची. ते काम त्या रविवारी निघाले. भाऊजींचा उभा जन्म ट्रकच्या ग्रीसमध्ये गेला. परंतु त्या सकाळी त्यांनी नखांसह हात साबणाने घासले, कारण शुद्ध ऑक्सिजनला तेलकटपणा चालत नाही. ही बाब बहिणीस मात्र कोणीही कळवली नव्हती, याची नोंद घ्यावी. टॉर्च धरण्याची जबाबदारी माझ्याकडे होती व ती मी शेवटपर्यंत दुसऱ्याच्या हाती दिली नाही.

बाटली बसली, तोटी जोडली, आणि आम्ही चहाला ओसरीवर गेलो. परत येतो तो शेडमध्ये कोमट तुपाचा वास! बहीण हातात वाटी घेऊन विमानात वाकलेली.

"अवं, काय करून राह्यली तू?" भाऊजी ओरडले.

"दिसून नाई राह्यलं? खांदा शेकून राह्यली."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळद लावून बैलाचा खांदा शेकतात, कारण वर्षभर जू त्याच खांद्यावर असते. बाटलीचा गळा जिथे रुंदावतो, तिथे बहिणीने तोटीसकट तूप-हळद चोळली होती.

"याच्या खांद्यावर माह्या जिवाचा भार राहीन," ती म्हणाली, "मंग याले काऊन नाई शेकायचं?"

"तूप लागलं अन् ऑक्सिजन सुटला का भडका उडते ना वं!"

"गॅस बंद कर वं पह्यले!" भिंतीवरून काकू किंचाळल्या. कोणता गॅस, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. तोटी बंदच होती. तरीही आम्ही तिघे अंगणात धावलो.

बहिणीचा चेहरा उतरला. परंतु माझ्या सरावलेल्या कानाने एक मुद्दा टिपला होता व तो मी तत्काळ उपस्थित केला.

"बाई, 'माह्या जिवाचा भार' असं तूच म्हणाली. म्हणजे तू बसणार!"

"तू गप बस. जसा काही हायकोर्टातला वकीलच लागून गेला!"

तूप लागलेली तोटी भाऊजींनी पुन्हा वापरली नाही. बाटलीही बाद केली. नवा संच येईपर्यंत शेडला कुलूप होते, आणि बहीण त्या बाजूला फिरकली नाही. भाऊजी जेवताना खाली मान घालून जेवत.

अखेर नवा संच बसला. जोडांवर साबणाचे पाणी टाकले, तोटी हळूहळू उघडली. एकही बुडबुडा नाही! ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणाऱ्या काचेच्या नळीतली इवलीशी गोळी थरथरली आणि वर चढू लागली.

"चढली! भाऊजी, चढली!" मी असा ओरडलो की काकू पुन्हा भिंतीवर आल्या.

बहीणही स्वयंपाकघरातून आली. कोणी न सांगता नळावर साबणाने हात धुतले, पदर सावरला आणि उजव्या आसनावर बसली. बाटली कुठेही दिसत नव्हती. भाऊजींनी नळी तिच्या नाकाशी लावली. तिने डोळे मिटून श्वास घेतला, मग आणखी एक.

"याले दवाखान्याचा वास नाई," ती म्हणाली.

"मंग, बसशीन?" भाऊजींचा आवाज बारीक झाला होता.

ती उतरली, घरात गेली आणि तूप-हळदीची वाटी घेऊन आली. आम्ही दोघेही विमानासमोर आडवे उभे राहिलो. तिने भाऊजींना हाताला धरून अंगणात नेले आणि बनियन सरकवून त्यांचाच खांदा शेकला.

"भार वाहणारे तुम्हीच ना," ती म्हणाली. "आता दिवसभर विमानाले हात लावू नका."

भाऊजी हसत होते व डोळे पुसत होते. माझ्या हातातील टॉर्च भर दुपारी पेटलेलाच होता.

सबब विनंती करण्यात येते की, खांदा शेकणे हा पुरावा मजबूत असला तरी त्यास होकार म्हणता येत नाही. करिता गैरअर्जदार बहिणीने तपासणीपूर्वी आपले उत्तर स्पष्ट शब्दांत द्यावे. उजवे आसन तिच्यासाठी राखून ठेवले आहे. नकार आल्यास त्यावर बसण्यास अर्जदार तयार आहे. तथापि नकार येऊ नये, हीच त्याची प्रार्थना आहे.

उत्तर मिळेपर्यंत, टॉर्चसह हजर,
अर्जदार