चुंबकावरची काळी लव

भनपुरीच्या आमच्या घरात मी समुद्री टाकी बसवली, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "खारं पाणी सांडलं तं फरशी तूच पुसशील. मले सांगू नको." आम्ही तिघांनी मिळून समुद्र एकदाच पाहिला होता, पुरीला, तोही दोन दिवस. बाबा रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, मी सरकारी कचेरीत. माझ्या या छंदाला घरात कोणाचा विरोध नव्हता आणि कोणाला तो फारसा कळतही नव्हता. अपवाद पंपांचा. पंप म्हटलं की बाबा खुर्ची सरकवून जवळ यायचे.

शहरात पंडरीच्या बाजूला एक माशांचं दुकान आहे. मऊ प्रवाळ, म्हणजे हाडासारखा सांगाडा नसलेली, मी तिथूनच आणली. दुकानदारानं सांगितलं होतं, "दीदी, मछली तो रुके पानी में भी जी लेगी, कोरल नहीं जिएगा." प्रवाळ जागेवरून हलत नाही. त्याचं खाणं वाहत्या पाण्यानं आणायचं आणि त्याची घाणही त्याच पाण्यानं न्यायची. मऊ प्रवाळांसाठी टाकीतलं पाणी तासाला निदान वीस वेळा फिरलं पाहिजे, असा त्याचा हिशेब. टाकी तीनशे लिटरची, म्हणजे सहा हजार लिटर. मी एकच मोठा पंप घ्यायला निघाले होते. बाबांनी अडवलं.

"एकाच्यानं नाही होत. एकीकडून धार मारली तं समोरचं सोलून काढील अन् मागच्या कोपऱ्यात गाळ तसाच राहील. दोन घे, समोरासमोर. थोडे तिरपे. धारा मधात एकमेकींवर आपटू दे."

खाली गाळणीची एक छोटी टाकी असते, तिच्यातून पाणी वर चढवणारा पंपही त्यांनीच निवडला. डब्यावर लिहिलेला आकडा जमिनीवरचा असतो, चार फूट वर चढवताना तो किती उरतो हे ते बादली आणि घड्याळ घेऊन मोजत बसले. लाटेचे दोन पंप काचेला चुंबकानं चिकटायचे, अर्धा भाग पाण्यात, अर्धा बाहेरून. काचेला भोक नाही, स्क्रू नाही. बाबांना ते फार आवडलं होतं.

पावसाळाभर टाकी छान होती. छत्रीसारखं एक मोठं प्रवाळ होतं, त्याच्या डोक्यावरची बारीक बोटं पाण्यात एका बाजूला झुकायची आणि परत उभी राहायची. बाबा सकाळचा चहा तिथंच घ्यायचे.

थंडी पडली आणि ते प्रवाळ मिटलं.

आधी मला काही वाटलं नाही. ही जात मधूनमधून मिटते, अंगावर मेणासारखी पातळ साय धरते, ती टाकते आणि पुन्हा उघडते. चार दिवसांचं काम. पण आठवडा गेला, दुसराही गेला. साय तशीच आणि तिच्यावर करडी पूड बसलेली. दुकानदार म्हणाला, "फ्लो कम है दीदी, बढ़ाइए." मी वाढवला. साय निघाली, पण कडा फाटल्या. वाळू एका कोपऱ्यातून उडून दुसऱ्यात जमली. टाकीत माशांची एक जोडी होती, तिच्यातला मोठा दगडामागे जाऊन बसला, तो खायलाही येईना. मी वेग कमी केला तर मागच्या काचेवर तपकिरी शेवाळ चढलं. पुन्हा वाढवला, पंपांचं तोंड फिरवलं, एक वर सरकवला, एक खाली. कचेरीतून आलं की आधी टाकीसमोर उभी राहायचे आणि रोज काहीतरी आणखी थोडं मेलेलं असायचं.

बाबांचा खोकला त्याच सुमाराचा. मी टाकीत इतकी गुंतले होते की तो नेमका कधी सुरू झाला ते आज मला सांगता येत नाही. सुका, लहान खोकला. बोलता बोलता थांबायचे, दोनदा खोकायचे, पुढं बोलायचे.

आणि आई झाडत असायची. भनपुरीत काळी धूळ सगळ्यांकडेच येते, पलीकडच्या कारखान्यांच्या भट्ट्यांची. गच्चीवर अनवाणी गेलं की तळवे काळे, दोरीवरचे कपडे झटकून आत आणायचे. थंडीत ती जास्त बसते. आई दिवसातून तीनदा खिडकीची चौकट पुसायची आणि फडकं आम्हाला दाखवायची. "हे पाहा." आम्ही पाहायचो आणि आपल्या कामाला लागायचो.

मग एक पंप करकरायला लागला. नवा आणला. तोही दीड महिन्यात करकरला. एका रविवारी सकाळी मी तो फेकायला निघाले, तर बाबा म्हणाले, "काहून फेकून राहिली? उघडून तं पाहू दे."

त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं. पंपाचं पातं ज्या चुंबकावर फिरतं ते बाहेर काढलं. त्याच्यावर काळा चिखल लेपल्यासारखा बसला होता, नखानं खरवडावा लागला. मग त्यांनी काचेच्या बाहेरचा अर्धा भाग सुटा केला. तो टाकीच्या आडोशाला असायचा, मी त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. त्याच्या कडेला सगळीकडून काळी लव उगवली होती. मांजराच्या पिल्लासारखी, मऊ दिसणारी.

"बुरशी आहे का?" मी विचारलं.

 बाबांनी ती लव बोटानं ओरबाडून कागदावर ठेवली आणि चुंबक कागदाच्या खालून फिरवलं. ती उभी राहिली. चुंबक जाईल तिकडे केस ताठ करून चालायला लागली.

"लोखंड आहे," बाबा म्हणाले. "हवेतून आलं. टाकी वरून उघडी आहे, तिच्यात पडून राहिलं. अन् इथं बाहेरून चिकटून राहिलं."

आई दारात उभी होती. "मी किती वर्षं सांगून राहिली?"

बाबांनी चुंबकाला हातरुमाल गुंडाळला आणि उठले. खिडकीच्या चौकटीवरून फिरवलं. रुमाल काळा. आईनं तासाभरापूर्वीच ती पुसली होती. टीव्हीच्या मागून फिरवलं, देवघराच्या पायरीवरून फिरवलं. आईला थोडं हसू येत होतं, म्हातारपणी काय हे खेळ म्हणून. गच्चीवर वड्या वाळवताना वरून टाकायचं मलमलचं कापड कपाटात धुऊन ठेवलेलं होतं. त्याच्यावरून फिरवल्यावर तिचं हसू गेलं. शेवटी ते आपल्या पलंगापाशी गेले आणि उशीवर, डोकं ठेवायच्या जागी, त्यांनी चुंबक सावकाश दोनदा फिरवलं. रुमाल उलटा करून उजेडात धरला. आम्ही तिघंही बघत होतो. मग त्यांना खोकला आला, आणि तो पहिल्यांदा मला नीट ऐकू आला.

डॉक्टरनं छातीचा फोटो काढायला लावला. फिल्म बघून त्यानं काय काम करत होता ते विचारलं. बाबा म्हणाले, फिटर. वेल्डिंग? "हव, तेही." त्यानं मान हलवली, लिहायला लागला. मग घर कुठं ते विचारलं. भनपुरी ऐकल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं आणि फिल्म पुन्हा उचलून उजेडासमोर धरली.

"कौन-सी धूल कहाँ से आई, ये इसमें नहीं दिखता," तो म्हणाला. "जो है, वो निकलेगी नहीं. नई मत जाने दीजिए."

 घरी येताना रिक्षात मी हिशेब करत होते: महिनोन्‌महिने मी पाणी कुठून येतं, कुठं आपटतं, कुठं साचतं हे बघत होते आणि ज्या हवेत बाबा तिथं चहा पीत बसायचे तिच्याकडे मी एकदाही बघितलं नव्हतं. याची शरम मला अजून वाटते.

मासे मी दुकानदाराला परत दिले. प्रवाळांपैकी देण्याजोगं काही राहिलं नव्हतं. त्याला कारण सांगितलं. तो म्हणाला, भनपुरी-बीरगांवकडची आणखी तीन-चार गिऱ्हाइकं सारखी पंप बदलायला येतात. "मैं समझता था, माल खराब आ रहा है." त्यानं त्यांना फोन केला की नाही, मी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या घरात गेलो. बाबा जायला तयार नव्हते, आईनं सामान बांधायला घेतलं तेव्हा उठले. तिकडे त्यांचा खोकला कमी झाला. गेला नाही. जिना चढताना ते मध्ये थांबतात आणि भिंतीवरचं काहीतरी बघत असल्यासारखं करतात.

भनपुरीचं घर बघायला एक जोडपं आलं. बाईच्या कडेवर सहा-सात महिन्यांची पोट्टी. पुरुष बीरगांवला भाड्यानं राहायचा, त्याला मोठी जागा हवी होती. आईनं मला आधीच बजावलं होतं, "सांगून टाक सगळं." मी सांगितलं. धूळ, बाबांची छाती, डॉक्टर, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"दीदी, मैं तो भट्टी पर ही काम करता हूँ," तो म्हणाला. "उधर से तो यहाँ कम है."

त्याची बायको आतल्या खोलीत पाळणा कुठं बसेल ते बघत होती. तिनं खिडकीजवळची जागा निवडली, हवा येईल म्हणून.