रिमोटचं काज

"सुमन, चाय पी ले पहले. फिर काट."

शमीमआपा खालून सांगत होत्या. मी शिडीच्या पाचव्या पायरीवर, हातात कटर आणि कटरच्या तोंडात काळी वायर. ही वायर मीच ओढलेली. तेव्हा माझे केस काळे होते आणि औरंगपुऱ्यातल्या या गल्लीत घराघरात माझी केबल होती.

"आपा, चहा नंतर. आधी चहा घेतला तर माझ्यानं व्हायचं नाही हे काम."

"तो मत कर ना. कौन जबरदस्ती कर रा?"

मी कटर दाबला. वायर सुटून भिंतीवर आपटली. गल्लीतलं माझं शेवटचं कनेक्शन गेलं. खरं सांगते, डोळे भरून आले. वर होते म्हणून कुणाला दिसलं नाही एवढंच.

मी केबलवाली. आमचे मालक चितेगावच्या कारखान्यात टीव्ही जोडायचे आणि मी इकडं लोकांच्या घरात ते चालते करायचे. बाईमाणूस खांबाला शिडी लावून चढतंय म्हणल्यावर सुरुवातीला चौकात माणसं उभी राहायची. मी वरून विचारायची, "काय हो, खाली काही सांडलंय का माझं?" मग पांगायची.

केबलचं काम सोपं करून सांगते. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत कंट्रोल रूम होती. गच्चीवरच्या मोठ्या छत्र्यांनी आभाळातून चॅनल धरायची, खोलीत ती एका वायरीत कोंबायची आणि गल्लोगल्ली सोडायची. वायर लांब गेली की सिग्नल दमतो. मग मध्ये मध्ये त्याला धक्का देणारा एक डबा लागतो, तो अँप्लिफायर. या डब्याला लाइट लागते. ती कुठून आणायची? तर एखाद्या भल्या घरात डबा बसवायचा, लाइट त्यांची आणि त्याबदल्यात केबल फुकट. शहरभर हीच पद्धत.

या गल्लीत ते घर शमीमआपांचं. त्यांचे मिया रशीद मास्टर, कोट शिवणारे टेलर. आपा त्यांच्या कपड्यांना काज-बटण करायच्या. दरवाज्याच्या आत, मशीनच्या डोक्यावर माझा डबा. अख्ख्या गल्लीचा टीव्ही आपांच्या एका बटणावर. पुसता पुसता फडकं लागलं आणि बटण पडलं की दोन मिनिटांत दारात गर्दी. "आपा, बटन! आपा, मॅच चालू आहे!" परीक्षेच्या दिवसांत तर गल्लीतल्या आया गुपचूप सांगून जायच्या आणि आपा दुपारभर बटण बंद ठेवायच्या. पोरं शिव्या मला द्यायची. मीही ऐकून घ्यायची. लई मजा होती त्या दिवसांत, आता सांगून खरं वाटायचं नाही.

मग सेट-टॉप बॉक्स आले, मग मोबाइल, मग घरोघरी नेट. एकेक घर गळत गेलं. मास्टर गेले. मुलगा नदीम पुण्याला नोकरीला लागला. शेवटी आपांच्या घरातला डबा फक्त आपांसाठी चालू राहिला. माझी लाइन त्या एका टीव्हीसाठी जिवंत होती.

नदीम नवा टीव्ही घेऊन आला आणि मला म्हणाला, "काकू, केबल बंद करून टाकू. पण अम्मीला जमेल असं काहीतरी लावून द्या. तुम्ही सांगाल ते."

आता नेटची एजन्सीही माझ्याकडेच आहे, त्यामुळं हे विचारायला रोज कुणीतरी येतं. केबल सोडल्यावर ढोबळ दोन रस्ते. एक, गच्चीवर आपली स्वतःची छोटी छत्री लावायची. दुसरा, नेट घ्यायचं आणि कंपनीच्या लहान डब्यातून सगळं बघायचं. छत्रीला आकड्यांचा रिमोट असतो. आपांसाठी तेच बरं होतं. त्यांना अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. मास्टरांच्या इंची टेपावर शिकलेल्या. एक्केचाळीस दाबलं की जंगलातले प्राणी लागतात हे त्यांना पाठ. वाघ-सिंहांचं त्यांना भारी वेड. पण छत्रीला एका बाजूचं आभाळ मोकळं लागतं आणि तिथं शेजाऱ्यानं तीन मजले चढवलेले. मी गच्चीवर चारी कोपऱ्यांत मीटर धरून बघितला. सिग्नल शून्य.

राहिला नेटचा डबा. त्याच्या रिमोटवर आकडेच नाहीत. एक गोल, चार-सहा बटणं आणि एक माइकचं बटण. ते दाबायचं आणि बोलायचं.

नदीमनं बटण दाबलं. "जंगल के जानवर दिखाओ." झटक्यात हत्ती आले.

"अम्मी, आता तुम्ही बोला."

आपा पदरात हसल्या. "नक्को बाबा. तू गया के बोलती. तेरे सामने डब्बे से क्या बातां करूं?"

नदीम पुण्याला गेला. आठ दिवसांनी त्याचा फोन.

"काकू, अम्मीचा टीव्ही बंदच आहे. ती म्हणते, डब्बा सुनताच नै."

मी गेले. टीव्हीवर धूळ. आपा खिडकीत बसलेल्या, गल्लीकडं बघत. गल्लीत बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. जुन्या शेजाऱ्यांच्या जागी गोडाऊनं झालीत.

"बोला आपा, माझ्यासमोर."

त्यांनी बटण दाबलं. "वो जानवरांवाला लगा."

पडद्यावर गोल फिरला आणि खाली अक्षरं आली. समजलं नाही, पुन्हा बोला.

"क्या बोल रा वो?"

"पुन्हा बोला म्हणतोय."

त्या पाच वेळा बोलल्या. पाचही वेळा तेच. मग मी बोलले. एकदा भलतंच लागलं, दोनदा काहीच नाही. मी राउटर बंद-चालू केला. नेट घोड्यासारखं पळत होतं. बटण दाबलं की गोल फिरतो, म्हणजे रिमोट ठीक. मग राहिलं काय?

नदीमला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, मी बोललो तेव्हा लागलं होतं ना? मशीनला शुद्ध भाषा लागते. अम्मीची जबान त्याला कळत नाही."

आणि मला ते पटलं! माझी तरी भाषा कुठं शुद्ध? मी फर्दापूरकडची, शाळेतल्या बाईंनी माझ्या 'व्हय'वर किती पट्ट्या मारल्या असतील. पोरगा शिकलेला, पुण्यात राहतो, त्याचं कळतं. आमचं कळत नाही. दोघी बायकांनी मुकाट्यानं मान्य करून टाकलं. वर मी मास्तरीण होऊन आपांना शिकवायला बसले. "लगा नाही आपा, लगाओ म्हणा. जानवरांवाला नाही, जानवरोंवाला." आणि सत्तरीची बाई माझ्यासमोर शाळेतल्या पोरीसारखी ते घोकत बसली. आज आठवलं तरी माझीच मला लाज वाटते.

घोकूनही जमलं नाही. आपांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "जाने दे सुमन. मेरीच जबान खराब है."

पंधरा दिवसांनी नदीमचा फोन आला. "काकू, रविवारी मी अम्मीला न्यायला येतोय. घर बंद करू. अम्मी फोनवर बोलत नाही, टीव्ही लावत नाही, नुसती बसून असते. एकटी कशी ठेवू तिला? तुम्ही डबा परत घेऊन जा."

त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पुण्यात तो तेराव्या मजल्यावर राहतो. आपा एकदा जाऊन महिनाभर राहून आल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "वहाँ लोगां नै दिखते सुमन, लोगां के दरवाजे दिखते." त्यांना जायचं नव्हतं. पण आता त्या नाही म्हणत नव्हत्या. मला त्याचंच भ्या वाटलं.

शनिवारी सकाळी मी डबा आणायला गेले. दारात दोन बॅगा बांधून ठेवलेल्या. मशीनवर चादर टाकलेली.

कंपनीचा नियम असा की डबा, वायर आणि रिमोट जसा दिला तसा परत. बिनकव्हरचा. आपांच्या रिमोटला कव्हर होतं. त्यांनी स्वतः शिवलेलं. बाहेरून रेक्झिन, आतून मास्टरांच्या कुठल्याशा कोटाचं अस्तर, बटणांपुरती पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी आणि वरच्या तोंडाला दुहेरी दुमडून पक्की टीप. पहिल्याच दिवशी, नदीमची गाडी चौकातून वळायच्या आत त्यांनी ते शिवायला घेतलं असणार. मागं आले तेव्हा ते बघून मला उलट बरं वाटलं होतं. कव्हर असलेला रिमोट म्हणजे चांगलं घर, हे माझंच शास्त्र. वीस वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दम भरत आले, "रिमोटला कव्हर नसेल तर बदलून मिळणार नाही!" चहा सांडतो, धूळ जाते, पोरं चावतात. माझ्या भीतीनं लोकांनी पिशव्या गुंडाळल्या, रबरं लावली. आपांनी तर शिवलं.

मी ब्लेडनं टीप उसवली. रिमोट बाहेर काढला. पुसायला म्हणून उलटसुलट केला तर वरच्या कडेला, अगदी टोकाशी, सुईच्या अग्राएवढं एक भोक. त्यात अस्तराचा धागा अडकलेला.

मी मटकन मशीनशेजारच्या स्टुलावर बसले.

"क्या हुआ गे? चक्कर आई क्या?"

"आपा, हा त्याचा कान."

"किसका?"

"रिमोटचा. माइक. यातून ऐकतो तो. आपण त्याच्या कानावर कोट चढवला आणि म्हणतोय, ऐकत नाही!"

पिनेनं धागा काढला. रिमोट त्यांच्या हातात दिला. "बोला."

"अब क्या बोलूं? बॅगां बांध ली मैं."

"काहीही बोला. तुमच्याच भाषेत. माझं शिकवलेलं नाही."

आपांनी बटण दाबलं. रागातच बोलल्या, "जा रई मैं. तेरेकू क्या. तू सुनताच नै."

गोल फिरला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ओळ आली आणि खाली निरोपाच्या गाण्यांची रांग लागली.

"फिर बोल रा क्या, समजा नै?"

"नाही आपा. तुम्ही बोललात ते लिहिलंय त्यानं. 'जा रही मैं. तेरे को क्या. तू सुनता नहीं.' थोडं इस्त्री करून लिहिलंय, पण तुमचंच आहे."

त्या उठल्या. टीव्हीजवळ गेल्या आणि अक्षरांखाली बोट धरून उभ्या राहिल्या. "मैं बोली वोच?"

"वोच."

"इसमें 'जा रई' किधर है?"

मी दाखवलं. त्यांनी त्या दोन शब्दांवरून बोट फिरवलं, कापडावर खडूची रेघ फिरवावी तसं. सत्तर वर्षांत त्यांचं बोलणं कुणी लिहून त्यांच्यासमोर धरलेलं नव्हतं. मी तरी कुठं धरलं होतं! मी तर ते सुधारायला निघाले होते.

मग त्या परत आल्या, रिमोट तोंडाजवळ धरला आणि एकेक शब्द ठेवून बोलल्या.

"नै जा रई मैं."

पडद्यावर अक्षरं उमटली. मला वाचून दाखवावं लागलं नाही.

लगेच नदीमला व्हिडिओ कॉल लावला. आपांनी मोबाइल टीव्हीकडं फिरवला आणि म्हणाल्या, "वो जानवरांवाला लगा." पडद्यावर जिराफ आले.

"अम्मी, हे कसं काय?"

"जबान मेरी ठीक है. कान उसका बंद था."

नदीम रविवारी आला, पण न्यायला नाही. दोन दिवस राहिला, आईच्या हातचं खाऊन गेला. बॅगा आपांनी शनिवारीच सोडल्या होत्या.

डबा मी परत नेला नाही. कव्हर मात्र आपांनी पुन्हा चढवलंच. सवय ती. मी ओरडणार तेवढ्यात त्यांनी रिमोट माझ्यापुढं केला. वरच्या कडेला, बरोबर त्या भोकावर, शेरवानीला करतात तसं रेशमी धाग्याचं बारीक काज. जन्मभर तेच केलेलं, एक टाका इकडचा तिकडं नाही.

केबल गेली ती गेलीच. पण परवा त्या गल्लीत एक राउटर बसवायला गेले तर आपांच्या दारात तीन बायका, प्रत्येकीच्या हातात कव्हर घातलेला रिमोट. आपा मशीनच्या खुर्चीवर, नाकावर चष्मा. मला बघून म्हणाल्या, "तेरे गिऱ्हाइक हैं सब. कान बंद करके दी तू, खोलनेकू मेरे पास आते."

नवं कनेक्शन देताना मी अजूनही दम भरते. रिमोटला कव्हर घालायचं म्हणजे घालायचं. फक्त वर काज ठेवायचं, आणि जमत नसेल तर आपांचं घर दाखवते.