चाव्यांची पोच

बँकेनं आमच्या दारावर नोटीस चिकटवली त्या दिवशी मी गरम पाणी आणि कपड्यांचा ब्रश घेऊन ती खरवडायला बसले होते. खळ इतकी घट्ट होती की नखानं कोपराही सुटेना. आई आतून आली आणि तिनं माझ्या हातातला ब्रश काढून घेतला.

"सरकारी कागद फाडायचा नसतो."

"सरकारी नाही, बँकेचा आहे."

"शिक्का आहे ना त्यावर? मग राहू दे."

आई तीस वर्षं उल्हासनगरच्या एका सरकारी कचेरीत शिपाई होती. इथलं टपाल तिथं नेऊन द्यायचं आणि डाकवहीत समोरच्याची सही आणायची, हे तिचं काम. सही झाल्याशिवाय पाकीट हातातून सुटायचं नाही, समोर साहेब असो की साहेबांचा साहेब. निवृत्त झाल्यावर तिनं दुकानातून तशीच एक डाकवही स्वतःसाठी विकत आणली. पुठ्ठ्यावर 'कार्यालयाचे नाव' अशी छापील ओळ होती, तिच्यापुढं आईनं आपलं नाव लिहिलं. मी हसून लोळले होते. शेजारीण कुकर उसना न्यायला आली की आई वही पुढं करायची, आणि शेजारीणही मुकाट्यानं सही करायची.

बदलापूरजवळच्या सोनिवलीतला आमचा हा फ्लॅट तिनं निवृत्तीच्या पैशांतून घेतला होता. माझ्या आजीचा जन्म उल्हासनगरच्या जुन्या लष्करी बराकींतल्या भाड्याच्या खोल्या बदलण्यात गेला. आमच्या अख्ख्या खानदानात दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावणारी आई पहिली.

आणि ते घर मी घालवलं. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? उल्हासनगरला माझं जीन्स शिवायचं युनिट होतं. आठ मशिनी, आठ बायका. बरं चाललं होतं, पण माझं बऱ्यावर भागत नव्हतं. एकाच व्यापाऱ्याच्या भरवशावर आणखी मशिनी घेतल्या आणि त्यासाठी आईचं घर तारण ठेवून माझ्या सहीनं कर्ज काढलं. तो व्यापारी बुडाला, त्याच्या मागोमाग मी. मशिनी गेल्या, हप्ते थकले. मी कानाला खडा लावला की आयुष्यात पुन्हा कशावरही सही करायची नाही. घराचे मूळ कागद बँकेत जमा करताना आईनं पिशवीतून डाकवही काढली होती. काउंटरवरच्या मुलानं हसत सही केली होती आणि मी लाजेनं भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहिले होते.

ताबा घ्यायची तारीख कळवणारं पत्र आलं, तसे सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. माणूस मनानं चांगला. आवाज खाली आणून म्हणाले, "काकू, पहाटे पाचला टेम्पो लावतो. कुणाला कळणार पण नाही. उगीच तमाशा नको ना."

मला ते पटलं होतं. मला तर बुरखा घालूनसुद्धा जिना उतरायची तयारी होती.

"पाचला कशाला?" आई म्हणाली. "मी काय चोरीचा माल नेतेय? अकराला लावा. लिफ्ट चालू असते."

शेवटचे दोन दिवस तिनं मला नुसतं राबवलं. फरशी सोड्यानं घासून घेतली. खिळ्यांची भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवली. गॅसच्या ओट्यामागची चिकट टाइल मी पुसत होते आणि मनातल्या मनात जळत होते. ज्यांनी घर घ्यायचं त्यांच्यासाठी आपण घासायचं? शेवटी बोललेच. आई म्हणाली, "त्यांच्यासाठी कुठं? घर माझं आहे अजून. माझं घर घाण दिसलेलं मला चालत नाही."

ठरल्या दिवशी अकराला टेम्पो भरून बदलापूर गावात गेला. तिथं आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. घरमालक सामान ओटीवर उतरवून घेणार होते, चाव्या मात्र आम्ही पोचल्यावर देणार होते. सोनिवलीच्या रिकाम्या घरात आता आम्ही दोघी, शेजारच्या दोन खुर्च्या आणि चहाचा थर्मास.

साडेबाराला ते आले. बँकेचा तरुण अधिकारी, महसूल खात्याचे एक वयस्कर साहेब, दोन पोलीस आणि कुलूप फोडायला आणलेला चावीवाला. दार सताड उघडं बघून सगळे उंबऱ्याशीच थबकले. चावीवाल्यानं हत्यारांची पिशवी खाली ठेवली. "अम्मा, मेरा तो काम ही नहीं बचा."

"बैठ, चाय पी," आई म्हणाली. "तेरी मजुरी ये साब देंगे."

मग तिनं बँकेच्या माणसाला घर दाखवलं. बाथरूमचं दार पावसाळ्यात फुगतं, वर उचलून लावायचं. किचनचा नळ जोरात पिळायचा नाही, वायसर जातो. पाणी सकाळी सहाला, पहिली बादली गढूळ असते. "नवीन येतील त्यांना सांगा," ती म्हणाली. तो गडी गोंधळून मान हलवत होता. भांडण होईल, रडारड होईल, अशी तयारी करून आला असणार बिचारा.

पंचनामा झाला. त्यानं चाव्यांसाठी हात पुढं केला, तेव्हा आईनं पिशवीतून डाकवही काढली.

"आधी इथं सही."

"मॅडम, पंचनाम्यात सगळं आलंय. आम्ही असं बाहेर कुठं साइन करत नाही."

"पंचनामा तुमचा. वही माझी."

"आई, पुरे आता," मी म्हणाले. जिन्यात शेजारी जमले होते. आईनं चाव्यांची मूठ आवळली आणि ती खुर्चीत बसून राहिली. पोलीस एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात ते महसूलचे साहेब पुढं झाले, वही हातात घेतली, पुठ्ठ्यावरचं नाव वाचलं, मग आईकडे नीट पाहिलं.

"किती वर्षं नोकरी?"

"तीस."

"अहो, करा सही," ते अधिकाऱ्याला म्हणाले. "बाई बरोबर सांगतायत. वस्तू दिली की पोच द्यायला लागते."

त्यानं सही केली. आईच्या अक्षरात ओळ आधीच लिहून तयार होती: दोन चाव्या, घर झाडूनपुसून. तिनं सही दोनदा वाचली, खाली तारीख घालून घेतली आणि मगच मूठ उघडली. त्या क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला की माझीच मला लाज वाटली.

महिनोन्‌महिने मी ज्या जिन्याला घाबरत होते तो आम्ही भर दुपारी उतरलो. आई पुढं, ऑफिसला नेसायची ती निळ्या काठाची साडी, काखेत वही. लोक बाजूला होत होते, कुणी "येतो हं भेटायला" म्हणत होतं, आणि ती थांबून प्रत्येकाला नवा पत्ता सांगत होती.

रिक्षात मला राहवलं नाही. "आई, तुझं घर मी घालवलं."

तिनं तोंड रस्त्याकडे फिरवलं. डोळे पुसले तिनं, ते मी पाहिलं. मग म्हणाली, "तीस वर्षं दुसऱ्याचं पोचतं केलं. हे पहिल्यांदा माझं स्वतःचं होतं. जड गेलं. पण पोचतं केलं."

बदलापूर गावात घरमालक ओटीवर वाटच बघत होते. त्यांनी चाव्या पुढं केल्या. आईनं वही उघडली, नवी ओळ लिहिली आणि पेन माझ्या हातात दिलं.

"आता घेणारे आपण. सही तू कर."

"मी? माझ्या सहीनं काय झालं ते बघितलंस ना?"

"बघितलं. कर."

मी वही गुडघ्यावर टेकवून सही केली, आणि सही नीट आली.