मुलाणीसरांचा डावा हात

डॉक्टर मुलाणी एकाच बोटाने टाइप करायचे. डावा हात मोकळाच नसायचा, तो पेशंटच्या मनगटावर असायचा. नाडी केव्हाच बघून झालेली असे, तरी हात सुटत नसे. मी विचारलं तर वैतागून म्हणाले, "अहो सिस्टर, हात धरला की माणूस खरं बोलतो. सोडला की 'बरं आहे' म्हणतो."

आमच्या तळेगावच्या दवाखान्यात केसपेपर जाऊन कॉम्प्युटर आला, तेव्हापासून सरांचा पारा चढलेलाच. साध्या सर्दीलाही उंची-वजन भरल्याशिवाय ते सॉफ्टवेअर औषध लिहू देत नसे. "पेशंट बाहेर ताटकळतायत आणि हे यंत्र माझी परीक्षा घेतंय!" असं माझ्यावरच खेकसायचे. थोड्या वेळाने माझ्यासाठीच चहा मागवायचे.

मग ओपीडीला उशीर का होतो ते मोजायचं दवाखान्याच्या विश्वस्तांनी ठरवलं. पुण्याहून एक साहेब आले आणि माझ्या हातात टॅब दिला. सरांच्या मागे बसायचं. ते पेशंटकडे असले की एक बटण, कॉम्प्युटरकडे असले की दुसरं. सरांचा करार वाढवायचा की नाही, तेही यावरूनच ठरणार होतं.

पहिलीच पेशंट बेडशाची ठकूमावशी. सरांचा एक हात तिच्या मनगटावर, दुसऱ्याचं बोट कीबोर्डवर. आता मी कोणतं बटण दाबू?

साहेब म्हणाले, "नजर स्क्रीनवर आहे ना? मग कॉम्प्युटर."

"पण हात?"

"हाताला बटण नाहीये, मॅडम."

तेवढ्यात ठकूमावशी बोलली, "गोळ्या घेते म्हनलं ना मगाशी, ते खोटं हाय. चक्कर येती म्हून लय दिस झालं बंद केल्यात."

"बरं झालं सांगितलंत. बदलून देतो," मान न वळवता सर म्हणाले. माझ्या टॅबवर हे सगळं कॉम्प्युटरच्या नावावर गेलं.

अहवालात आलं की डॉक्टर मुलाणी पेशंटला फारच थोडा वेळ देतात. मी विश्वस्तांशी तावातावाने भांडले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि आलेख पुढे केला. आलेखाशी काय भांडणार, कपाळ! संतापाने मला रडू आलं. सर मात्र त्या दिवशी चिडले नाहीत. स्टेथोस्कोप पिशवीत टाकत एवढंच म्हणाले, "ठकूमावशीकडे लक्ष ठेवा."

नवे डॉक्टर दोन्ही हातांनी झरझर टाइप करतात. रांग भराभर सरकते, साहेब खूश आहेत. गेल्या सोमवारी ठकूमावशी आली आणि बसल्याबसल्या तिने सवयीने हात टेबलावर ठेवला.

"गोळ्या चालू आहेत ना?" डॉक्टरांनी टाइप करता करता विचारलं.

"व्हय. बरं हाय."

हात तिथेच होता. मी पुढे होऊन तो धरला.

"बाई, खरं सांगू का?" ती हळूच म्हणाली. तोवर डॉक्टरांनी पुढचा नंबर पुकारला होता.