पाहुण्यांसमोर उघडलेला कॉम्प्युटर

दोन हजार चारच्या सुमारास मी आयटी पार्काजवळच्या माण गावात एका बंगल्याच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. नांदेडकडून आलेलो, काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात दिवसभर चुका काढायच्या. पण घरमालक काकांच्या लेखी मी इंजिनियर होतो आणि इंजिनियरला कॉम्प्युटरमधलं सगळंच कळतं अशी त्यांची खात्री होती. ती मी कधी मोडली नाही, कारण त्या खात्रीपोटी अधूनमधून मटणाचा रस्सा खोलीवर यायचा.

जमीन आयटी पार्कात गेल्यावर काकांनी बंगला बांधला, जीप घेतली आणि हॉलमध्ये एक कॉम्प्युटर आणून ठेवला. काकूंनी त्याला विणलेलं झाकण घातलं. वापरायची ती धाकटी मुलगी. बी.कॉम. झाल्यावर ती वर्षभर पिरंगुटला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. तिथं नेमकं काय शिकवतात हे घरात कुणी विचारलं नव्हतं. टायपिंग असेल, असं काकू सांगायच्या.

एका पावसाळी रविवारी तिला बघायला पौडकडून पाहुणे येणार होते. मुलगा एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होता, म्हणून काकांनी फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं की पोरीला कॉम्प्युटर येतो, घरात स्वतःचा आहे, आल्यावर चालवून दाखवू. सकाळी नऊला त्यांनी रंगीत तालीम म्हणून बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पडदा मात्र काळाच. शिवाय आतून एक लांब शिटी येऊ लागली. थांबायची, परत वाजायची.

मला बोलावणं आलं. मी वायरी काढून परत लावल्या. मशीन दहा-बारा वेळा बंद-चालू केलं. शेवटी डब्याचं पत्र्याचं झाकण उघडलं आणि बंद पडलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये वाकलेल्या माणसासारखा गंभीर चेहरा करून आत बघत बसलो. आत धूळ होती आणि एक झुरळ. मुलगी तीनदा चहा घेऊन आली. दर वेळी जरा रेंगाळली, काहीतरी बोलणार असं वाटलं, तेवढ्यात काकूंनी आतून हाक मारली. साडी नेसायची होती, केस बांधायचे होते.

एक वाजता मी मदरबोर्ड गेल्याचं जाहीर केलं. हा शब्द मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ऐकला होता. काका मटकन खुर्चीत बसले.

चार वाजता पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि प्राथमिक शाळेत गुरुजी असलेला मामा. पोहे झाल्यावर मामांनीच कॉम्प्युटरचा विषय काढला. काकांनी पडेल आवाजात खरं ते सांगितलं आणि पुरावा म्हणून माझ्याकडे बोट केलं. मुलगा उठला, बाह्या सारल्या, बटण दाबलं, एक शिटी ऐकली आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय." दुसऱ्या डॉक्टरनंही तोच रोग सांगावा तसं मला हायसं वाटलं.

मुलीनं हातातला ट्रे खाली ठेवला.

"मदरबोर्ड न्हाई गेला," ती म्हणाली. "ही शिटी रॅमची हाय."

तिनं बांगड्या काढून काकूंच्या हातात दिल्या, पदर खोचला आणि आधी भिंतीतली विजेची पिनच उपसली, जी मी सकाळपासून एकदाही काढली नव्हती. मग गुडघ्यावर बसून तिनं आतून कंगव्याएवढी एक हिरवी पट्टी, म्हणजे ती रॅम, काढली आणि खोडरबर मागितलं. ते निघालं मामांच्याच खिशातून. पट्टीच्या कडेचे सोनेरी दात घासता घासता ती मामांना समजावत होती की पावसाळ्यात यांच्यावर मळ चढतो, मग मशीनला पट्टी सापडत नाही आणि ते वरडत बसतं. पट्टी दाबून बसवली, पिन लावली, बटण दाबलं. एक बारीकशी टिक झाली आणि पडदा उजळला.

मामा मनापासून "वा" म्हणाले. मुलाची आई मुलीच्या साडीला गुडघ्यांवर लागलेली धूळ बघत होती. मुलगा म्हणाला, "मी तेच बघणार होतो."

पाहुणे गेल्यावर मी तिला विचारलं की हे सकाळीच का नाही सांगितलं. ती म्हणाली, "मला इचारलं का कुनी, दादा? तीनदा आले. तुमी नुसता कप घेतला."

दोन दिवसांनी पौडहून होकार आला. काका पेढे आणायला निघाले, तर मुलगी नको म्हणाली. घरात मोठा आवाज झाला. मागच्या खोलीत सगळं ऐकू यायचं. नोकरी हाय, घर हाय, पोरगं दिसायला बरं हाय, मग खोट कुटं हाय, असं काका विचारत होते. ती शांतपणे म्हणाली, "चुकला त्याचं काय न्हाई. दादाबी चुकले, पन ते गप बसले. ह्यो म्हनतो, तेच बघनार होतो. जल्मभर हेच ऐकायचं का मी?"

माझं गप्प बसणं हा गुण समजून कुणी दाखला दिल्याची ही एकमेव वेळ. मी गप्प बसलो होतो कारण तोंड उघडायला जागाच उरली नव्हती.

काकांनी पत्रिका जुळत नसल्याचं कळवलं. काकू महिनाभर मुलीशी कामापुरतं बोलत होत्या. मुलीनं मात्र पिरंगुटच्या क्लासवाल्यांकडेच दुरुस्तीचं काम धरलं. पहिले आठ दिवस काका स्वतः तिला जीपनं सोडायला जायचे, चेहरा असा की जणू दवाखान्यात ॲडमिट करायला निघालेत. एकदा तिथं थांबून त्यांनी तिला बंद पडलेली तीन मशीन चालू करताना पाहिलं. संध्याकाळी येऊन पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "इंजिनियर, तुमीबी जा की त्या क्लासला."

मी गेलो नाही. पण पुढं वर्षभर माझ्या खोलीतलं काही बिघडलं की आधी तिला हाक मारायचो.