रविवारची लढाऊ मराठी

माझ्या मुलीला मी मराठी बंदुकीच्या जोरावर शिकवली. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, पण आता लपवून तरी काय करायचं आहे?

आम्ही जबलपूरच्या गोरखपूर भागात राहतो. आजोबा नागपूरकडून नोकरीला आले आणि इथलेच झाले. दाराबाहेर सगळी हिंदी. मुलीला मराठी समजायची पूर्ण, पण उत्तर यायचं हिंदीत. "काहून जेवली नाही?" "भूख नहीं है, पापा." मी चिडलो की बायको म्हणायची, "तुम्ही दिवसभर ऑफिसात हिंदीच बोलून राहिले, पोरीनं शिकावं कुठून?" बायको बरोबर बोलली की मला जास्तच राग येतो.

ती नऊ वर्षांची असताना आम्ही दोघं एक गोळीबाराचा व्हिडिओ गेम खेळायला लागलो. दर दोन-तीन वर्षांनी त्याचा नवा भाग यायचा आणि दर भागात जगाचा नाश थोडक्यात हुकायचा. रविवारी पोहे झाले की मी हॉलमध्ये, ती तिच्या खोलीत, दोघांच्या कानांवर हेडफोन. इंटरनेटवरून समोर दुसरी कुठली तरी जोडी. भानगड अशी की त्या खेळात शत्रूलाही आपलं बोलणं ऐकू यायचं आणि शत्रू बहुतेक हिंदीवाले. तेव्हा मी फर्मान काढलं: लढाई मराठीत होईल!

काय सांगू! तिच्या आईच्या विनवण्यांनी जे वर्षानुवर्षं झालं नाही ते आठवड्यात झालं. "बाबा, वाका!" "डावीकडे दोघं हायेत!" "जिन्यामागं लपला, हाणा त्याले!" समोरचे बावचळून विचारायचे, "भैया, ये कौन सी भाषा है?" तोवर आम्ही त्यांना आडवं केलेलं असायचं.

एकदा नागपूरच्या लग्नात तिच्या आत्यानं कौतुकानं विचारलं, "अभ्यास कसा चालू आहे?" पोरगी म्हणाली, "संपवला. पुढं चला." आत्या दचकून खरंच दोन पावलं पुढं सरकली. बायकोनं कपाळावर हात मारला. मी मात्र खूश होतो.

यंदा, पोरगी एकवीस वर्षांची झाल्यावर, नवा भाग आला तो ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळं जग. "पापा, अब कहीं भी जा सकते हैं!" मुलगी नाचत म्हणाली. आता मला सांगा, सरळ चाललेल्या माणसाला 'कुठंही जा' म्हणायची काय गरज? आधी कसं, एक बोळ, एक दार, दारामागं एक माणूस. त्याला उडवला की पुढचं दार. आता डोंगर, नदी, घोडे, मासेमारी. अहो, इथल्या बरगी धरणावर गेलं तर निदान मासे खायला तरी मिळतात! इतकी वर्षं जग वाचवणारा मी खांद्याला बंदूक अडकवून एका म्हातारीची शेळी शोधून राहिलो होतो. शेळी सापडली तर म्हातारी म्हणे, आता वैरण आणा. शत्रू लांब टेकडीवर निवांत बसलेला, त्यालाही काही घाई नाही. बनवणाऱ्यांनी खेळाडूला स्वातंत्र्य दिलं म्हणे. कसलं डोंबलाचं स्वातंत्र्य, घरची कामं आहेत ही!

पण माझं दुखणं वेगळंच होतं. या मोकळ्या जगात खरी माणसं आम्ही दोघंच, बाकी शत्रूसुद्धा कॉम्प्युटरचे. चोरून ऐकणारं कुणी नाही, मग मराठी कशाला? पहिल्याच रविवारी मुलगी घोड्यावर बसून निघून गेली आणि कानात म्हणाली, "पापा, मैं पहाड़ की तरफ हूँ. आप आराम से आना." पुढचे तीन रविवार हिंदीतच गेले. महिन्याभरात ती नोकरीसाठी बंगळुरूला जाणार होती. लेक चालली होती आणि जाताजाता माझी मराठीही एका शेळीपायी चालली होती. मला फार वाईट वाटत होतं. मी गेम बनवणाऱ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या.

ती जायच्या आदल्या रविवारी मी शेळीला सोडलं आणि तासभर घोडा हाकत तिच्यापर्यंत पोचलो. ती नदीकाठी नुसती बसली होती.

"काय करून राहिली?"

"कुछ नहीं."

मीही घोड्यावरून उतरलो. मारायला कुणी नव्हतं, पळायला कारण नव्हतं. पडद्यावरची आमची दोन माणसं पाण्याकडं बघत बसून राहिली. मग हेडफोनमधून आवाज आला, "पापा, 'डर लग रहा है' को मराठी में कैसे बोलते हैं?"

मी चमकलो. बारा वर्षांत वाका, पळा, हाणा, सगळं शिकवलं होतं. हे शिकवायचं राहूनच गेलं होतं.

"भीती वाटून राहिली," मी म्हटलं.

"मले भीती वाटून राहिली, बाबा. तिकडं एकटी..." पुढचा मराठी शब्द तिला सापडेना. हिंदीत तिला सगळं सांगता आलं असतं, पण ती हिंदीत गेली नाही.

मी हेडफोन काढला, उठून तिच्या खोलीत गेलो आणि तिच्या शेजारी पलंगावर बसलो. तिनं माझ्याकडं पाहिलं. तेव्हा कळलं, पुढचं वाक्य मलाही येत नव्हतं.